अमेरिकन विद्यापीठातलं तुमचं रेकॉर्ड: कोणाला दिसतं, कोणाला नाही, आणि तुम्ही काय करायचं

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांच्या पालकांना पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी हमखास एक धक्का बसतो. फी त्यांनी भरलेली असते, कर्जाच्या कागदांवर सही त्यांची असते, आणि निकालाची चौकशी करायला विद्यापीठात फोन लावला की पलीकडून अत्यंत गोड आवाजात उत्तर येतं, "ही माहिती आम्हाला तुम्हाला देता येणार नाही." कधीकधी तर त्या नावाचा विद्यार्थी तिथे शिकतो की नाही, हेही सांगायला नकार मिळतो. मग मुलाला फोन, आणि पुढचे दोन दिवस घरात तणाव.

पलीकडच्या माणसाचे हात कायद्याने बांधलेले असतात. फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी अॅक्ट हे त्या कायद्याचं लांबलचक नाव. सगळे त्याला 'फर्पा' म्हणतात. २१ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली, म्हणजे वॉटरगेट प्रकरणात निक्सन पायउतार झाल्याला दोन आठवडेही झाले नव्हते. सिनेटर जेम्स बकली यांनी तो पुढे रेटला, म्हणून जुन्या कागदांत 'बकली अमेंडमेंट' असाही उल्लेख सापडतो. केंद्रीय शिक्षण खात्याच्या योजनांतून पैसे घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो लागू आहे. सरकारी असो वा खासगी, तुम्ही ज्या विद्यापीठांची नावं ऐकली आहेत त्यातली जवळपास सगळी यात येतात. आणि तो नागरिकत्व बघत नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला तेवढेच हक्क आहेत जेवढे शेजारच्या बाकावरच्या अमेरिकन मुलीला.

सगळ्या गुंत्याची किल्ली एका नियमात आहे. मूल १८ वर्षांचं झालं, किंवा कोणत्याही वयात कॉलेजात शिकायला लागलं, की रेकॉर्डवरचे पालकांचे हक्क त्या मुलाकडे जातात. सतराव्या वर्षी पदवीला दाखल झालेल्या मुलाचं रेकॉर्डसुद्धा त्याचं त्याचंच. पैसे कोण भरतं याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता कामाला लागू. प्रत्यक्षात ज्या क्रमाने या गोष्टी समोर येतात, त्याच क्रमाने बघू.

अर्ज भरताना: शिफारसपत्राचा चौकोन

फर्पाशी पहिली गाठ विमानात बसण्याच्या कितीतरी आधी पडते. ऑनलाइन अर्जात शिफारसपत्रं देणाऱ्यांची नावं भरली की खाली एक प्रश्न येतो: ही पत्रं बघण्याचा आपला हक्क तुम्ही सोडता का? बरीच मुलं इथे अडखळतात. हक्क कशाला सोडायचा, असं वाटणं साहजिक आहे.

माझा सल्ला: सोडा. हक्क राखून ठेवला तर पत्र लिहिणाऱ्याला ते कळतं, आणि विद्यार्थी पुढे वाचेल म्हणून प्राध्यापक हात राखून लिहितात. प्रवेश समितीलाही अशा पत्राचं वजन कमी वाटतं. शिवाय तुम्ही सोडता ते फारसं काही नाही, कारण फर्पाचा हक्क फक्त तुम्ही प्रत्यक्ष जिथे शिकता त्या संस्थेपुरता आहे. जिथून नकार आला तिथे तुमची फाइल बघण्याचा हक्क मुळातच नसतो. मात्र हक्क सोडा अशी सक्ती कोणी करू शकत नाही. प्रवेशासाठी ती अट घालणं बेकायदा आहे. आणि हक्क सोडल्यावरही कोणाकोणाची पत्रं आली आहेत, ती नावं विचारली तर सांगावीच लागतात.

इथेच आणखी एक गोष्ट. कन्सल्टन्सीवाल्यांना अर्जाच्या पोर्टलचा पासवर्ड देण्याची पद्धत फार पडली आहे. त्याच पोर्टलवर पुढे प्रवेशाचा निर्णय आणि बाकीची कागदपत्रं येतात. अर्ज पाठवून झाला की पासवर्ड बदला, आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला ईमेल व फोन नंबर तुमचाच आहे ना, ते तपासा. तुम्हीच किल्ली देऊन टाकली असेल तर कायदा काही करू शकत नाही.

आय-२० वर सही करताना

आय-२० म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म. त्यात विद्यार्थ्याने सही करायच्या भागात एक वाक्य असतं जे कोणी वाचत नाही. तुमचा व्हिसा दर्जा ठरवण्यासाठी लागणारी माहिती विद्यापीठाने होमलँड सिक्युरिटी खात्याला द्यायला तुमची संमती आहे, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे पत्ता, पुरेसे क्रेडिट घेतले आहेत का, कोर्स सोडला का, ही माहिती सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीत जात राहते आणि फर्पाची ढाल तिथे चालत नाही. पुढे ज्याला मी 'कुलूप' म्हणणार आहे ते, म्हणजे माहिती बाहेर न देण्याची सूचना, लावलं तरी इथे फरक पडत नाही. घर बदललं की १० दिवसांत नवा पत्ता विद्यापीठाला कळवणं बंधनकारक आहे, तेही याच साखळीचा भाग.

निघण्यापूर्वी: घरच्यांशी बोलणं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात टाळला जाणारा. विद्यापीठाने पालकांशी बोलावं असं वाटत असेल तर विद्यार्थ्याने लेखी संमती द्यावी लागते. तिच्यात चार गोष्टी हव्यात: कोणतं रेकॉर्ड, कशासाठी, कोणाला, आणि तारखेसह सही. विद्यापीठाच्या पोर्टलवर याचा तयार फॉर्म असतो आणि ऑनलाइन सहीही चालते. नंतर वाटलं तर संमती मागे घेता येते.

लोक फसतात ते इथे: एका फॉर्मने सगळी दारं उघडत नाहीत. ग्रेड आणि ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) रजिस्ट्रारकडे, फीची बिलं बर्सारकडे, वसतिगृहाचं वेगळं खातं, आरोग्य केंद्राचं त्याहून वेगळं. बहुतेक ठिकाणी फीच्या खात्यावर पालकांना स्वतंत्र लॉगिन देता येतं, ज्यातून फक्त बिल दिसतं आणि भरता येतं. ते जरूर द्या. मुदत चुकली की लेट फी लागते आणि पुढच्या सेमिस्टरच्या नोंदणीवर होल्ड बसतो; हे टाळण्याइतकी माहिती पैसे भरणाऱ्याला असायलाच हवी. ग्रेडचं काय करायचं ते मुलाने ठरवावं. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने दर सेमिस्टरला ट्रान्सक्रिप्टची पीडीएफ स्वतः पाठवणं, हे आईबाबांनी रजिस्ट्रारच्या ऑफिसला ईमेल करण्यापेक्षा दोघांच्याही प्रकृतीला बरं.

मुलाचा पासवर्ड घेऊन पोर्टलवर जाणारे पालकही आहेत. यात विद्यापीठाचे संगणक-वापराचे नियम मोडतात हा एक भाग. शिवाय लॉगिनसाठी दुसरा कोड मुलाच्या फोनवर जातो, तोही तिथे रात्रीचे तीन वाजलेले असताना.

पालकांच्या ऐकण्यात आणखी एक पळवाट येते: मूल आयकरात 'अवलंबित' म्हणून दाखवलं असेल तर विद्यापीठ पालकांना माहिती देऊ शकतं. खरं आहे, पण तो अमेरिकन आयकर कायदा. भारतात राहून भारतातच कर भरणाऱ्या पालकांना तो लागू होत नाही. अमेरिकेत स्थायिक कुटुंबांना लागू होऊ शकतो, तरी तिथेही विद्यापीठ माहिती 'देऊ शकतं', 'दिलीच पाहिजे' असं नाही. दारू किंवा अमली पदार्थांचा नियम मोडलेला विद्यार्थी २१ वर्षांच्या आतला असेल तरी पालकांना कळवण्याची मुभा आहे, तीही मुभाच.

आणि जिवाशी खेळ असेल तेव्हा? कोणाच्या जिवाला किंवा आरोग्याला खरोखर धोका असेल तर संमतीवाचून पालकांना, डॉक्टरांना, पोलिसांना माहिती देता येते. म्हणून 'एमर्जन्सी कॉन्टॅक्ट' हा रकाना रिकामा ठेवू नका. तिथे देशाच्या कोडसह चालू नंबर द्या. पण तिथे नाव दिलं म्हणजे ग्रेड सांगायची संमती दिली, असा गैरसमज नको.

पालकांनी तरीही फोन केलाच, तर काय विचारावं? सर्वसाधारण नियम विचारावेत. "माझ्या मुलाने कोर्स सोडला का?" याला उत्तर मिळणार नाही. "एफ-१ विद्यार्थ्याने कोर्स सोडला तर काय होतं?" याचं सविस्तर मिळेल.

पोहोचल्यावर: डिरेक्टरीतली माहिती आणि कुलूप

काही माहिती विद्यापीठ तुम्हाला न विचारता कोणालाही देऊ शकतं. तिला 'डिरेक्टरी इन्फर्मेशन' म्हणतात. नाव, पत्ता, फोन, ईमेल, फोटो, जन्मतारीख, जन्मस्थळ, मुख्य विषय, कोणत्या काळात शिकलात, मिळालेली पदवी आणि पारितोषिकं यांचा त्यात समावेश होऊ शकतो. नेमकी यादी प्रत्येक विद्यापीठ आपापली ठरवतं आणि ती जाहीर करावी लागते. ग्रेड आणि सोशल सिक्युरिटी नंबर तिच्यात कधीच येत नाहीत.

पहिल्या आठवड्यात रजिस्ट्रारच्या साइटवर ही यादी शोधा आणि वाचा. घरचा पत्ता आणि जन्मतारीख तिच्यात आहे का, एवढं तरी बघा. नको असेल तर ठरलेल्या मुदतीत लेखी कळवून ती माहिती बंद करता येते. बऱ्याच ठिकाणी पोर्टलमध्ये त्यासाठी सरळ एक बटण असतं.

आणि इथेच सावध व्हा, कारण ते बटण फार सहज दाबलं जातं. संपूर्ण कुलूप लावलं की विद्यापीठ तुमच्याबद्दल कोणालाही काहीही सांगत नाही, अगदी तुम्ही तिथे शिकता हेसुद्धा. पदवीदान समारंभाच्या पुस्तिकेत नाव येत नाही. मग नोकरी लागते, कंपनी पार्श्वभूमी तपासणीत पदवीची खात्री करायला विचारते (बहुतेक विद्यापीठांच्या वतीने हे काम नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस ही संस्था करते) आणि उत्तर येतं की माहिती उपलब्ध नाही. एचआरच्या नजरेत पदवी खोटी असण्याची शंका! शिवाय शिकत असताना लावलेलं कुलूप बाहेर पडल्यावर आपोआप निघत नाही; तुम्ही काढेपर्यंत विद्यापीठाने ते पाळलंच पाहिजे. उलट, एकदा बाहेर पडल्यावर ते नव्याने लावायचा हक्क उरत नाही.

कोणी पाठलाग करत असेल, घरच्या हिंसेतून सुटून आला असाल, तर विचार न करता लावा. बाकीच्यांनी, विद्यापीठ तशी सोय देत असेल तर, फक्त पत्ता, फोन आणि जन्मतारीख झाकावी, विषय आणि पदवी उघडी ठेवावी. वर्गात निनावी राहण्यासाठी मात्र कुलपाचा उपयोग नाही. ऑनलाइन कोर्समध्येही तुमचं नाव आणि विद्यापीठाचा ईमेल वर्गातल्यांना दिसू शकतो.

स्वतःची फाइल मागवताना

हा हक्क फार कमी मुलं वापरतात. विद्यापीठाकडे तुमच्याबद्दल जे शैक्षणिक रेकॉर्ड आहे ते बघायला मागितलं, तर ४५ दिवसांच्या आत दाखवावं लागतं. यात फक्त ट्रान्सक्रिप्ट नाही. सल्लागाराच्या नोंदी, शिस्तभंगाची फाइल, असिस्टंटशिप आणि आर्थिक मदतीचे कागद, तुमच्याबद्दल दोन कार्यालयांत झालेली आणि जपून ठेवलेली ईमेलं, प्रवेशाच्या वेळची फाइल, हे सगळं येऊ शकतं.

अर्ज साधा असतो. रजिस्ट्रारला विद्यापीठाच्याच ईमेलवरून लिहा. पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, 'फर्पाखाली रेकॉर्ड बघायची विनंती' हा विषय, आणि मग नेमकं काय हवंय ते. "माझ्याबद्दलचं सगळं" असं लिहिलंत तर उलट प्रश्न येतील आणि दिवस जातील. "गेल्या वर्षीच्या शरद सत्रातल्या शैक्षणिक अप्रामाणिकपणाच्या चौकशीची माझी फाइल, तिच्यातील साक्षी आणि निकालपत्रासह" असं लिहिलंत तर टाळायला जागा राहत नाही. तारीख नोंदवून ठेवा. ४५ दिवस तिथून मोजायचे.

विनंती आल्यावर ती प्रलंबित असताना ते रेकॉर्ड नष्ट करता येत नाही. शोधण्याचे पैसे घेता येत नाहीत, प्रतीचे घेता येतात. प्रत देण्याची सक्ती सरसकट नाही, दाखवणं पुरेसं. पण तुम्ही भारतात परत गेला असाल आणि जाऊन बघणं शक्य नसेल, तर प्रत द्यावी किंवा बघायची दुसरी सोय करावी लागते. फी थकली असेल तर अधिकृत ट्रान्सक्रिप्ट अडवलं जाऊ शकतं, मात्र रेकॉर्ड नुसतं बघण्याचा हक्क थकबाकीमुळे जात नाही. नोंदीतलं काही कळलं नाही तर अर्थ समजावून मागा, तोही हक्क आहे. संस्थेबाहेर कोणी तुमचं रेकॉर्ड मागितलं आणि कोणाला दिलं याची नोंदही फाइलसोबत ठेवावी लागते, तीही मागा.

काय दिसणार नाही? हक्क सोडलेली शिफारसपत्रं, पालकांची आर्थिक कागदपत्रं, प्राध्यापकाने केवळ स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेली आणि कोणाला न दाखवलेली टिपणं, कॅम्पस पोलिसांनी कायदा-सुव्यवस्थेसाठी ठेवलेलं रेकॉर्ड. दुसऱ्या विद्यार्थ्यांची माहिती झाकून देतात. कॅम्पसवरच्या डॉक्टरांच्या उपचाराच्या नोंदींचा प्रकार वेगळा आहे. त्या तुमच्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवायला लावता येतात.

प्रवेशाच्या फाइलची गंमत सांगायलाच हवी. २०१५ मध्ये स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या एका निनावी वार्तापत्राने, फर्पाखाली आपली प्रवेशाची फाइल कशी मागायची, हे छापलं. परीक्षकांनी आपल्याबद्दल काय शेरे मारले ते वाचायला देशभरातून विनंत्या सुरू झाल्या. काही विद्यापीठांनी मग प्रवेश झाल्यावर ते शेरे ठेवणंच बंद केलं. जे रेकॉर्ड नाही ते दाखवायचा प्रश्नच येत नाही! कायद्यात बसतं, मनाला पटत नाही.

चूक सापडली तर

रेकॉर्डमधली नोंद चुकीची किंवा दिशाभूल करणारी असेल तर दुरुस्ती मागता येते. 'मला बी मिळायला नको होता, ए मिळायला हवा होता' हे मात्र फर्पाचं काम नाही. त्याला ग्रेड अपीलची वेगळी वाट आहे. प्राध्यापकाने ए दिला आणि नोंद बी झाली, हे फर्पाचं. आधी लेखी विनंती. नाकारली तर सुनावणीचा हक्क, तिथे वकीलही नेता येतो, स्वतःच्या खर्चाने. सुनावणीतही हरलात तर आपली बाजू लिहून फाइलला जोडायला सांगा. तो वादातला भाग जेव्हा जेव्हा कोणाला दाखवला जाईल, तेव्हा तुमचं निवेदन सोबत जाईल.

टीए झालात की बाजू पालटते

एमएसची बरीच मुलं दुसऱ्या सेमिस्टरपासून टीए (प्राध्यापकाचे अध्यापन सहाय्यक) किंवा ग्रेडर (उत्तरपत्रिका तपासणारे) होतात, आणि कोणीही नीट न सांगता हा कायदा त्यांच्यावर येऊन पडतो. आतापर्यंत तुमचं रेकॉर्ड दुसरे सांभाळत होते, आता चाळीस-पन्नास जणांचं तुमच्या हातात. तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा केबिनबाहेर 'आपापली उचला' म्हणून ठेवायचा नाही. गुणांची शीट सगळ्या वर्गाला एका ईमेलने पाठवायची नाही, नावाऐवजी विद्यार्थी क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकले तरी धोका राहतोच. वर्णक्रमाने लावलेल्या यादीत कोण कोणता ते पोरं दोन मिनिटांत ओळखतात. कोण नापास झालं, कोणी नक्कल केली, हे फ्लॅटमधल्या मित्रांत किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलायचं नाही. मराठीत बोललात म्हणून चालत नाही.

प्रणालीत सगळ्यांचे गुण दिसतात म्हणून मैत्रिणीचा जीपीए (सरासरी ग्रेड) उघडून बघणं हाही भंगच. कामासाठी गरज असेल तेवढंच बघायची परवानगी असते. एखाद्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा ईमेल आला तर उत्तर न देता प्राध्यापकांकडे पाठवा.

मित्राने स्वतःचे गुण सांगितले आणि तुम्ही ते गावभर केले, तर त्याला फर्पा लागू नाही. कायदा संस्थेला आणि तिच्या वतीने काम करणाऱ्यांना बांधतो, रूममेटला नाही.

मुलं शाळेत असतील तर

नोकरीसाठी कुटुंबासह गेलेल्यांसाठी थोडक्यात: मूल १८ वर्षांचं होईपर्यंत हे सगळे हक्क पालकांचे, आणि कोर्टाने अडवलं नसेल तर घटस्फोटित आईवडिलांपैकी दोघांचेही. सार्वजनिक हायस्कूल सैन्यभरतीवाल्यांनी मागितल्यास विद्यार्थ्यांची नावं, पत्ते, फोन देतं. नको असेल तर शाळेला लेखी कळवा. शाळा सुरू होताना येणाऱ्या कागदांच्या ढिगात तो फॉर्म असतो.

तक्रार करायची वेळ आली तर

आधी रजिस्ट्रार. निम्म्याहून जास्त प्रकरणं अज्ञानातून घडतात आणि तिथेच मिटतात, असं माझं मत. ऑम्बुड्स ऑफिस (तक्रारींत मध्यस्थी करणारं कार्यालय) असेल तर तिथेही जाता येतं. त्यानेही भागलं नाही तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या स्टुडंट प्रायव्हसी पॉलिसी ऑफिसकडे लेखी तक्रार करता येते. मुदत १८० दिवसांची: प्रकार घडल्यापासून, किंवा तो तुम्हाला कळल्यापासून. काय घडलं, कधी, कोणी कोणाला काय सांगितलं, हे तारखांसह लिहा आणि ईमेल, स्क्रीनशॉट जोडा.

नुकसानभरपाईची आशा धरू नका. फर्पाचा भंग झाला म्हणून विद्यार्थ्याला या कायद्याखाली विद्यापीठावर दावा लावता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये गोन्झागा विद्यापीठाच्या खटल्यात दिला. कायद्यातली मोठी शिक्षा म्हणजे संस्थेचा केंद्रीय निधी बंद करणं, आणि त्याआधी संस्थेला सुधारण्याची संधी दिली जाते. त्यामुळे तक्रारीत शिक्षा मागण्याऐवजी नेमकं काय करून हवंय ते लिहा: चुकून पाठवलेली फाइल परत घ्या, नोंद दुरुस्त करा, तो फॉर्म बदला.